पाळणाघराची माहिती

नाही, बसत नाही — जेवणाची सुट्टी आहे तेवढ्यात सांगून जाते. तुम्हीच ना ते माहिती मॅनेजर? पाटी तर केवढी लावलीय दाराला! आमच्या पॅकिंगमध्ये सगळ्या हसतात — हा माणूस करतो काय? तर दुसऱ्याच्या डोक्यातलं काढून कॉम्प्युटरात भरतो! माणूस निवृत्त झाला तरी त्याचं ज्ञान कंपनीतच राहिलं पाहिजे — असंच म्हणालात ना मीटिंगमध्ये? राहिलं का मग? आपल्या कंपनीच्या पाळणाघरातल्या मावशी परवा निवृत्त झाल्या. जायच्या आधी त्यांना इथे बसवून विचारलंत काय — तर पाळणे किती, चादरी किती, किल्ली कुठे टांगता! अहो, किल्ली खिळ्याला टांगतात, त्याला कॉम्प्युटर कशाला लागतो? आणि पोरं? कोण पालथं निजतं, कोण भिंतीचा चुना खातं — विचारलंत? छे! आता नव्या बाई तुमचा छापील कागद हातात धरून बसल्यात. माझी चिमी सकाळपासून जरा कढत लागतेय, तर म्हणतात, पांघरूण घालून निजवते! पांघरूण! म्हणून आले. त्या कागदात एवढंच घाला — अंग तापलेल्या पोराला गुंडाळू नये, आईला बोलवावं. सगळ्याच पोरांसाठी हो, नाव कुणाचं नको. मावशी असत्या तर आधी झबल्याची बटणं सोडली असती, मला मशीनवरून हाक मारली असती — त्यांना माहीतच होतं, ताप चढला की हिला झटके —

काही नाही. दात येतायत तिला. काही नाही म्हटलं ना, मग टाइप कशाला करताय? आजारी मूल ठेवून घेत नाहीत, हा नियम मला काय ठाऊक नाही? मावशी तुमच्यापाशी बोलल्या नाहीत, कारण मीच त्यांच्या पाया पडले होते — झालं समाधान? सासूबाई गेल्या दिराकडे, नवरा ट्रकवर, पोर ठेवू कुणापाशी? तुमच्यापाशी?

बरं, लिहा. झटका आला तर कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी — काही म्हणजे काही घालायचं नाही. लिहिलंत? वर नाव चिमीचंच घाला, नाहीतर त्या बाईंना कळायचं कसं? उद्यापासून ठेवून घ्यायचं नसेल, तर उद्या सांगा. आज आधी खाली जाऊन त्यांना हे सांगा — बघता काय नुसते? उठा!