लाल बाजू मण्याकडे

फुसा: हासुद्धा कोराच. तामे, ही पाचवी टोपली रे! मणी जसा आत घातला तसाच बाहेर आलाय. मोत्याचा थर नावालाही नाही.

तामेजी: ठेव तिकडे. पुढचा शिंपला उघड, ताई.

फुसा: उघडून काय होणार? टोपलीची चिठ्ठी पांढरी आहे. पांढरी म्हणजे तुझ्या हातची. सगळी अशीच निघणार.

कानाए: आत्या, पाण्याचा दोष असेल. यंदा खाडी किती तापली होती! शिंपल्यांच्या आतल्या मऊ मांसाच्या झालरी आकसून गेल्या होत्या नुसत्या.

तामेजी: खाडी काय चिठ्ठीचा रंग बघून तापते? तुझ्या लाल चिठ्ठीच्या पाच टोपल्या त्याच दिवशीच्या. त्याच तराफ्याला, शेजारी टांगलेल्या. त्या बघ कशा निघाल्यात.

फुसा: खरंच गं, हा बघ. कसा गुलाबी मारतो! अठ्ठेचाळीस वर्षं या खाडीत शिंपले उघडतेय मी. असा मोती तुझ्या बापाच्या ऐन उमेदीत निघायचा. आता लेकीनं काढला.

कानाए: ठेव ना तो, आत्या.

फुसा: घ्या! कौतुक केलं तरी तोंड पाडते. तुझा बाप तर एवढंही करत नाही कधी.

तामेजी: करतो. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला झालाय. केलं कौतुक. आता ऐक. शिंपल्यानं मणी बाहेर टाकला असता तर शिंपला रिकामा मिळाला असता. मण्याला झालरीचा तुकडा लावताना जखम मोठी झाली असती तर शिंपलाच मेला असता. इथं शिंपला जिवंत आहे, मणी जागच्या जागी आहे, आणि थर नाही. एखाद्या टोपलीत असं झालं तर नशीब म्हणता येतं. पाचही टोपल्यांत झालं म्हणजे हाताचा दोष. तुकडा उलटा लागलाय.

फुसा: तू? उलटा लावलास?

तामेजी: मग कोणी? कानाए, तू शिकलेली आहेस. सांग हिला, उलटा लागला की काय होतं.

कानाए: आत्याला माहीत आहे सगळं.

फुसा: मला कुठलं माहीत? मी टोपल्या धुणारी बाई. दुसऱ्या शिंपल्याच्या झालरीचा कणीएवढा तुकडा कापायचा आणि मण्याला चिकटवून आत सारायचा, एवढं ठाऊक. का चिकटवायचा ते कोणी सांगितलंय मला?

कानाए: त्या तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. त्याला अभिस्तर म्हणतात.

फुसा: झालं, उघडलं हिनं पुस्तक.

कानाए: पुस्तक कशाला? गालाच्या आतून जीभ फिरव. गुळगुळीत लागतं ना? तेच ते. पोटाला आतून तेच अस्तर, फुप्फुसाला तेच, वरच्या कातडीचा पापुद्रा म्हणजेही तेच. पेशी एकमेकींना इतक्या खेटून बसतात की मध्ये फट म्हणून राहत नाही. जागा बदलली की काम बदलतं. कातडीवर झाकायचं, आतड्यात शोषून घ्यायचं, ग्रंथीत पाझरायचं. झालरीतल्या पेशी पाझरतात, म्हणून शिंपला आतून चकाकतो.

फुसा: आणि एवढ्याशा तुकड्यातून अख्खा मोती?

कानाए: त्या पेशी वाढतात. कुठं खरचटलं की कडेच्या पेशी सरकत सरकत भोक बुजवतात ना, तशा मण्यावरून पसरत जातात आणि त्याच्याभोवती पिशवी करतात. मग आत थरावर थर.

तामेजी: बाजूचं सांग. मुद्दा तो आहे.

कानाए: त्यांना वर-खाली असतं, आत्या. वरचं तोंड मोकळं. पाझरायचं ते तिकडूनच. खालचं बूड एका पातळ पडद्याला घट्ट बांधलेलं. त्यांना स्वतःची रक्तवाहिनी नसते, खालून झिरपेल तेवढ्यावर जगायचं. तुकडा उलटा लावला तर मण्याकडे पाठ होते. मग पिशवीच धरत नाही. थोड्या दिवसांत सगळं जिरून जातं.

फुसा: अगं बाई. बिचाऱ्या.

तामेजी: म्हणून तर बाहेरच्या अंगाला लाल औषध लावून ठेवतो आपण. लाल बाजू मण्याकडे. पहिल्या आठवड्यात शिकायला बसलेली पोरगीही चुकत नाही. मी दोनशे चाळीस वेळा चुकलो. लाल रंग दिसलाच नाही मला.

फुसा: डॉक्टर तर म्हणाला, डोळे ठीक आहेत.

तामेजी: वयाच्या मानानं ठीक, असं म्हणाला. म्हाताऱ्याची समजूत काढतात तसं.

फुसा: म्हणून हल्ली होडी मला हाकायला लावतोस होय? चाचणीचे चार शिंपले उघडले आणि कोरे निघाले त्या दिवसापासून तू सुकाणूला हात लावलेला नाहीस. मला वाटलं, पाठ धरलीय.

तामेजी: होडी कुठं खांबावर आपटली म्हणजे? असो. दोन वाजता मच्छीमार संस्थेत जायचंय. तराफे, टोपल्या, खाडीतला हक्क, सगळं कानाएच्या नावावर करतोय. अध्यक्षांना सकाळीच फोन केलाय. कानाए, घरून तुझा सहीचा शिक्का घेऊन ये.

कानाए: मला विचारलंत?

तामेजी: विचारायचं काय त्यात? हात तुझा चांगला आहे.

फुसा: अगं, नमस्कार कर बापाला! या खाडीतल्या सगळ्यांच्या पोरी नागोयाला पळाल्या, ओसाकाला पळाल्या. परवाच मी मंदिरात म्हटलं सगळ्यांना, आमची राहिली.

कानाए: मी राहिले नाही, आत्या. आई गेल्यावर तिचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला की जाणार होते.

फुसा: त्याला तीन वर्षं झाली.

कानाए: तेच म्हणतेय मी.

फुसा: मग? बांधून ठेवलं होतं का कोणी? तुझी तू राहिलीस, त्याला चांगलं म्हणतेय तर तेही टोचतं तुला. मी जाते बाई होडीकडे. इंजिन गार पडलंय, सुरू व्हायला अर्धा तास खाईल. तुम्ही दोघं आवरा.

कानाए: बाबा.

तामेजी: शिक्का आणायला जा म्हटलं ना.

कानाए: नागोयाच्या इस्पितळातून पत्र आलंय. तिथल्या प्रयोगशाळेत माझी जागा अजून रिकामी आहे. वर्षअखेरपर्यंत थांबतील म्हणतात.

तामेजी: ही सुरी बोथट झालीय. दगडावर घासायला हवी.

कानाए: बघा! दर वेळी हेच. मी जाते म्हटलं की तुम्हाला सुरी आठवते. नाहीतर दोर कुजलेला असतो. मागच्या वेळी तर मी अर्धं वाक्य बोलले आणि तुम्ही उठून तराफ्यावर गेलात.

तामेजी: मी नको कधी म्हणालोय?

कानाए: तुम्ही काहीच म्हणत नाही! नको म्हणालात तर भांडता तरी येईल.

तामेजी: जा. मी अडवत नाही. टोपल्या पाण्यात राहतील. शिंपल्यांवर शेवाळ चढेल, त्यांची तोंडं बुजतील. मला दिसणार नाही, म्हणजे मला त्रासही व्हायचा नाही. जा तू.

कानाए: अशी कशी जाणार मी?

तामेजी: मग शिक्का आण. आणि माझ्या सुया तुझ्या खणात ठेवल्यात सकाळी. ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो त्या मालकांनी स्वतःच्या हातानं घडवलेल्या आहेत. गंजू देऊ नकोस.

कानाए: मला नकोत त्या.

तामेजी: आता कानाए, हट्ट पुरे.

कानाए: तुकडे तुम्ही उलटे लावले नाहीत.

तामेजी: अगं, समोर कोरे मणी पडलेत ढीगभर.

कानाए: मी लावले. त्या पाच टोपल्या माझ्या आहेत.

तामेजी: चिठ्ठी पांढरी आहे त्यांची.

कानाए: मी बांधली. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आंघोळीला गेलात. तुमच्या पाच टोपल्यांच्या पांढऱ्या चिठ्ठ्या मी सोडल्या आणि माझ्या टोपल्यांना बांधल्या. माझ्या लाल चिठ्ठ्या तुमच्या टोपल्यांना.

तामेजी: आणि तुकडे?

कानाए: ते सकाळपासूनच. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. लाल बाजू मण्याच्या उलट दिशेला.

तामेजी: मी शेजारी बसलेलो असताना?

कानाए: हातभर अंतरावर. तुम्ही दुपारी म्हणालातसुद्धा, आज तुझा हात बरा चालतोय.

तामेजी: का?

कानाए: मला वाटलं, थर धरला नाही की तुम्हाला वाटेल आता हात चालत नाही. मग तुम्ही धंदा बंद कराल. धंदाच नसला म्हणजे कोणाला सोडून जायचंय मला? मी आपली जाईन.

तामेजी: आणि मी काय करायचं होतं?

कानाए: तिथपर्यंत विचारच केला नव्हता. बाबा, मला रोज सकाळी जाग आली की छातीवर कोणी बसलंय असं वाटायचं. हेच टेबल, हेच चिमटे, मे आला की मणी घाला, डिसेंबर आला की मणी काढा. मला नुसतं सुटायचं होतं. तुम्ही उलट सगळं माझ्याच गळ्यात घालाल, हे स्वप्नातही आलं नव्हतं.

(बाहेर होडीचं इंजिन दोनदा सुरू होऊन बंद पडतं.)

तामेजी: किती मेले?

कानाए: काय?

तामेजी: शिंपले. दोनशे चाळीसातले किती मेले?

कानाए: एकही नाही.

तामेजी: उलटा तुकडा मण्यावर बसत नाही. घसरतो.

कानाए: हो. सुई तिरपी धरून दाबावा लागतो.

तामेजी: हं. हे कुठं शिकलीस?

कानाए: शिकले नाही. घसरायला लागला म्हणून सुचलं. असं काय विचारताय?

तामेजी: थांब. थांब जरा. लाल चिठ्ठीच्या टोपल्या मग कोणाच्या?

कानाए: तुमच्या.

तामेजी: ताईनं आत्ता दाखवला तो?

कानाए: तुमच्या हातचा.

तामेजी: आणि सकाळचे ते तीन? ज्यांच्याकडे बघून मी म्हटलं, असे मला आता जमायचे नाहीत?

कानाए: तेही. सगळे तुमचे. बाबा, तुम्ही हसताय?

तामेजी: अडुसष्टावं वर्ष आहे मला! अडुसष्टाव्या वर्षी असा रंग! कानाए, तीन आठवडे मी रोज सकाळी धक्क्यावर उभा राहतो आणि एक डोळा झाकून समोरच्या बेटावरची पाइनची झाडं मोजतो. बारा होती ती. लहानपणापासून बारा. मला रोज अकराच भरतात.

कानाए: अकराच आहेत.

तामेजी: बारा.

कानाए: एक सप्टेंबरच्या वादळात पडलं. तुम्हीच दाखवलं होतं मला.

तामेजी: पडलं, नाही का? हो. पडलं खरं. मुळासकट पडलं होतं. अरे देवा, तीन आठवडे ते झाड शोधतोय मी.

कानाए: हसू नका हो, बाबा. ओरडा माझ्यावर.

तामेजी: ओरडणार आहे. थोडं हसू दे आधी.

कानाए: मला नाही बघवत.

तामेजी: तुला नाही बघवत? मी रात्री उठून हात बघत होतो माझे. दिवा लावून. हे बोट कापतंय का, ते बोट कापतंय का. कालपरवा चहा सांडला तर वाटलं, झालं, आता हेही. डॉक्टर खरं सांगत होता, तर त्याला मनात खोटारडा म्हणालो. तू माझ्याच हाताची मला भीती घातलीस.

कानाए: हो.

तामेजी: आणि रोज समोर बसून जेवत होतीस.

कानाए: रोज सांगणार होते. तुम्ही डोळे चोळायला लागलात की घास उतरायचा नाही. पण सांगितलं असतं तर पुन्हा इथंच राहावं लागलं असतं, आणि तेही अपराधी होऊन.

तामेजी: हे मी विसरणार नाही.

कानाए: नका विसरू.

तामेजी: माफीबिफी मागू नकोस. मला द्यायची नाहीये.

कानाए: नाही मागत.

तामेजी: सुया आण माझ्या. त्या खणात एक क्षण नकोत.

कानाए: या घ्या.

फुसा: चला रे, लागलं एकदाचं इंजिन! दोन वाजत आले. पोरी, शिक्का घेतलास का? अगं, रडतेस काय? एवढा आनंद झाला?

तामेजी: ताई, इंजिन बंद कर. आज संस्थेत जायचं नाही.

फुसा: अरे! आणि अध्यक्ष बसलाय ना तिकडे वाट बघत?

तामेजी: त्याला मी फोन करतो. होडीची किल्ली दे इकडे.

फुसा: तुला दिसत नाही म्हणालास ना?

तामेजी: दिसतं.

फुसा: अर्ध्या तासात नजर परत आली? काय झालं काय तुम्हा दोघांचं?

तामेजी: चिठ्ठ्यांचा घोळ झाला होता. पांढरी ती माझी नव्हे.

फुसा: म्हणजे कोरे मणी... कानाए?

कानाए: माझे, आत्या.

फुसा: अगं बाई! मग मघाचा हात चांगला, हात चांगला, ते कोणाचं चाललं होतं? जाऊ दे, मी नाही विचारत, तुझा बाप बघ कसा बघतोय. उद्या किती वाजता यायचं? अजून अठरा टोपल्या उघडायच्या राहिल्यात.

तामेजी: तू सातला ये.

कानाए: मी सहालाच येऊन सुऱ्या लावून ठेवते.

तामेजी: तू येऊ नकोस.

कानाए: बरं. मग परवा येते.

तामेजी: परवाही नको. नागोयाच्या पत्राला उत्तर लिही.