तुला काही इचारायचं का?

न्हाई न्हाई, चहा नको सर, चहा प्यायला न्हाई आले मी सेनगावला. हा अर्ज घ्या अन् शिवकन्याचं नाव काढा कॉलेजातून. काहून म्हणता? पोरगी माझी, अन् इचारता तुमी? अवो, तुमीच तर करून ठेवलं सगळं! वर्गात शिकवलात ना, तो कोण ग्रीसचा म्हातारा — सॉक्रेटिस, व्हय, तोच — अडीच हजार वर्षांमागचा. बाजारात हिंडायचा, दिसल त्याला धरून इचारायचा, न्याय म्हंजे काय, शूर म्हंजे काय. शेवटी लोकायनं जहर पाजलं त्याला. मग तिथंच नीट सांगायचं ना पोरींना, की बायांनो, असं इचारल्यावर असं होतं!

रविवारी पाव्हणे आले जवळा बाजारहून, तिला बघायला. पोरगं तलाठी. हिला पाटावर बसवली, डोक्यावर पदर, नाव इचारलं, शिक्षण इचारलं — समदं बराबर चाललं होतं. शेवटी पोराचा बाप म्हणला, 'तुला काही इचारायचं का, बाळ?' आता सर, तुमी ह्याच मुलखाचे ना? ही इचारायची रीत असती. पोरीनं मान हलवायची, न्हाई म्हणायचं, पाया पडून आत जायचं. चार दिवस घोकून घेतलं होतं मी. अन् ही म्हणती, 'व्हय, इचारायचंय.' इचारायचंय! 'तुमी मघा म्हणलात, पोरीला सुखात ठेवू. सुख म्हंजे काय, काका?' तो बिचारा म्हणला, पक्कं घर हाय, फ्रिज हाय, नळाचं पाणी हाय. ही म्हणती, 'ह्या तर वस्तू झाल्या. सुख काय, ते सांगा.' अन् गोड आवाजात बरं का — भांडली असती तर मी दोन शिव्या घालून आत तरी नेली असती! माणूस घामाघूम झाला. पोहे तसेच ताटलीत टाकून गेले उठून.

हा अर्ज तिच्या बापानं लिहिला. अन् मी — मी मारलं तिला. वीस वर्षांच्या पोरीला मारलं, सर. न्हाई, पाव्हण्यायपायी न्हाई. ते गेल्यावर भांडी घासून राहिलो होतो दोघी. म्हणती, 'आई, तुला बघायला आले तवा आजोबाबी असंच म्हणले होते का, सुखात ठेवू?' म्हणलं, व्हय. 'मग ठेवलं का?' बस, एवढंच. ठेवलं का. अन् हात उठला माझा.

एकवीस वर्षं झाली लग्नाला. कुणी इचारलं न्हाई मला हे. मायनं न्हाई, बापानं न्हाई, भाऊ दर दिवाळीला येतो, पुरणपोळी खाऊन जातो, त्यानंबी न्हाई. इचारलं ते एका लेकरानं, अन् त्यालाच मी — असं बघू नका माझ्याकडं! शिकवताना लई तोंड चालतं ना तुमचं? सांगा ना, काय जवाब देऊ तिला? दोन दिवस झाले, जेवली न्हाई ती.

सही कुठं करायची? इथं? अन् — एकदा नाव काढलं की ह्या वर्षी पुन्हा घालता येतं का? न्हाई? अजिबात न्हाई?

आणा तो अर्ज इकडं. आणा म्हणते ना! घरचे इचारतील, काय केलं अर्जाचं — इचारू द्या. एकवीस वर्षांत एवढं तरी इचारतील मला. सरका बाजूला, एसटी जाईल माझी.