शीतखोलीचे दार आणि दोन तास

जबाब, दि. २४ जुलै २०२३

नाव: टोर्किल्ड ब्येरे, वय ४९ वर्षे, धंदा: दुकाने, कारखाने, दवाखाने यांना इंटरनेटवर चालणारी तापमानयंत्रे व सगळीकडे एकच वेळ दाखवणारी घड्याळे बसवून देणे (स्वतःचा, एकट्याचा), राहणार: स्मेडेव्हाय ८, नोरहोल्म, लिमफ्योर्ड खाडीच्या काठी.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगतो की, एवाल्ड थोरूप, वय ६३, हे दि. ५ जुलैपासून बेपत्ता आहेत. त्याबाबत मी ७ जुलैला याच टेबलावर एक जबाब दिला होता. त्यात ‘मला विशेष काही माहीत नाही’ असे मी म्हटले होते. ते खरे नव्हते. म्हणून आज न बोलावता आलो आहे.

एवाल्ड थोरूप हे नोरहोल्म सहकारी दूधसंघात एकतीस वर्षे विरजण सांभाळायचे. संघाचे चीज ज्या विरजणावर होते ते संघाच्या पहिल्या दिवसापासूनचे होते आणि शीतखोलीत उणे चाळीस अंशावर छोट्या बाटल्यांत ठेवलेले असायचे. त्यातला थोडा भाग दुसऱ्या गावी ठेवा, असे एवाल्ड दरवर्षी सभेत सांगत. आपले विरजण परक्या दारी कशाला, असे म्हणून मंडळी दरवर्षी हात वर करून नकार देत. चूक झाली तर भरून काढायला दुसरे काही नव्हते, हे सगळ्यांना माहीत होते.

मंगळवार दि. १३ जून रोजी मी संघात कामाला गेलो. काम दोन दिवसांचे होते. पहिल्या दिवशी भिंतीवरची नऊ घड्याळे एका वेळेला जुळवली आणि शीतखोलीत तापमानयंत्र लावले. जोडणी पुरी होईपर्यंत, तापमान चढले की यंत्राकडून येणारे धोक्याचे फोन बंद ठेवायची आमच्या धंद्यात रीत आहे, नाहीतर सगळ्यांचे फोन दिवसभर ठणाणा करतात. तसे मी व्यवस्थापक हेनिंग रोड यांना सांगितले होते.

दुपारी एकच्या सुमारास मी शीतखोलीत होतो. दार लोखंडी असल्याने यंत्राचा संदेश बाहेर पोहोचतो की नाही ते बघायचे होते, म्हणून दार उघडे ठेवून उंबऱ्यावर माझी हत्यारांची पिशवी टेकवली. तेवढ्यात पॅकिंगच्या बोडिलने हाक मारली. तिचा वाढदिवस होता आणि आमच्याकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो. कुणी केकला बोलावले आणि माणूस आला नाही, तर ते वर्षभर लक्षात ठेवतात. पाच मिनिटांत येतो असे मनात म्हणून गेलो आणि पाऊण तास बसलो. एवाल्ड माझ्या शेजारीच होते. त्यांनी माझ्या ताटलीत दुसरा तुकडा वाढला आणि म्हणाले, “खा रे, लाजू नकोस. तुझ्या पट्ट्याला अजून दोन भोकं शिल्लक आहेत.” सगळे हसले. मीही हसलो. परत येऊन पिशवी उचलली, दार ओढले, निघून गेलो. शीतयंत्राचा आवाज नेहमीसारखाच होता.

दमट हवा आत गेल्याने गारठ्याच्या नळ्यांवर बर्फ धरला आणि संध्याकाळी शीतयंत्र बंद पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एवाल्डनी दार उघडले तेव्हा बाटल्यांत पाणी होते. विरजण गेले. त्यांनी मला फोन करून लगेच बोलावले.

सकाळी आठला हेनिंग रोड यांच्या खोलीत मी यंत्राची नोंद छापून दिली. तापमान चढायला सुरुवात: ११ वाजून ५ मिनिटे. शीतखोलीच्या वहीत त्या वेळी एकच नाव होते, एवाल्ड यांचे. आत १०.५०, बाहेर ११.१०. हेनिंगनी कागद त्यांच्यासमोर सरकवला.

एवाल्ड म्हणाले, “मी दार ओढलं होतं. खटका ऐकला मी.”

हेनिंग म्हणाले, “एवाल्ड, रोजचीच गोष्ट आहे. कालचा खटका की परवाचा, कुणाच्या लक्षात राहतो?”

मग एवाल्डनी माझ्याकडे बघितले. “टोर्किल्ड, तू लावलेली घड्याळं चुकतात का रे?”

मी म्हणालो, “एका सेकंदाचाही फरक नाही.”

ते भिंतीवरच्या घड्याळाकडे वळले. म्हणाले, “मग माझेच कान खोटं बोलले असणार.” आणि त्यांनी चूक कबूल असल्याच्या कागदावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. जबरदस्ती केली असती तर त्यांनी सही केली नसती, असा तो माणूस होता. ३० जूनपासून ते घरी बसले.

घड्याळे बरोबर होती, पण तापमानयंत्र वेगळे असते. ते कारखान्यातून येते तेव्हा ग्रीनिचची वेळ धरून असते आणि उन्हाळ्यात आमची घड्याळे तिच्या दोन तास पुढे असतात. यंत्राला गावची वेळ मी नेहमी सगळ्यात शेवटी, दुसऱ्या दिवशी लावतो. वीस वर्षांची सवय आहे. त्या दिवशी मी कागद आधी छापला आणि वेळ नंतर लावली. पुढच्या सगळ्या नोंदी बरोबर येत गेल्या, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. कागदावरचे ११.०५ म्हणजे दुपारचे १.०५. त्या वेळी उंबऱ्यावर माझी पिशवी होती.

हे मला सोमवारी ३ जुलैला कळले. महिन्याचा आलेख काढत असताना १४ जूनच्या जागी दोन तासांची फट दिसली. बघताक्षणी समजले. मी संगणक बंद केला, अंगणात गेलो आणि गाडी धुतली. गाडी स्वच्छच होती.

मंगळवारी ४ जुलैला, सकाळी दहाच्या सुमारास, किराणा दुकानासमोर एवाल्ड भेटले. दाढी वाढली होती. म्हणाले, “तुला एक काम सांगू? आमच्या घरच्या फ्रिजला तुझी ती घंटी बसवून दे. दार उघडं राहिलं की वाजणारी.”

मी म्हणालो, “घरच्या फ्रिजला कशाला हवी घंटी?”

“गुडरूनला उगाच त्रास नको. माझा आता माझ्यावरच भरवसा राहिला नाही बघ.”

ते हसत बोलले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. आजूबाजूला कुणी नव्हते. तरी खरे काय ते मी त्यांना सांगितले नाही. ‘गुरुवारी येतो’ असे मी म्हणालो. त्यांनी माझ्या दंडावर थाप मारली आणि गेले. बुधवारी ५ तारखेला सकाळी ते होडी घेऊन फ्योर्डमध्ये गेले. होडी दुपारी काठच्या लव्हाळ्यात रिकामी सापडली. शोध १४ जुलैला थांबवण्यात आला. मीही माझी होडी घेऊन नऊ दिवस शोधात होतो. लोक मला शाबासकी देत होते.

काल दि. २३ रोजी मी त्यांच्या पत्नी गुडरून थोरूप यांच्याकडे गेलो आणि वर लिहिले ते सगळे सांगितले. त्यांनी मला बसा म्हटले नाही. त्या म्हणाल्या, “शेवटचे तीन आठवडे तो प्रत्येक दार दहादहा वेळा ओढून बघत होता. घराचं, गाडीचं, कोंबड्यांच्या खुराड्याचं. मी त्याच्यावर खेकसले, म्हटलं, म्हातारा झालास, डोकं चालेनासं झालंय तुझं. मी म्हटलं असं, टोर्किल्ड. आणि तुम्ही मला आज सांगताय?”

मी म्हणालो, त्यांचं नाव तरी स्वच्छ होईल.

त्या म्हणाल्या, “कुणाला पाहिजे आता ते? जा, फ्योर्डला जाऊन सांगा.” आणि दार लावून घेतले.

दूधसंघाला मी आज सकाळी लेखी कळवले आहे. हेनिंग रोड यांनी विरजण गेले ते गेलेच, आता वाद उकरू नये, असे उत्तर दिले. एवाल्ड यांनी सही केलेला कागद रद्द होईल का, असे मी येथील अधिकारी लिस्बेट क्राघ यांना विचारले. तो संघाचा कागद आहे, पोलिसांचा नाही, असे त्यांनी सांगितले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. ४ जुलैच्या भेटीबद्दल ‘सांगायचे राहून गेले’ असे शब्द प्रथम लिहिले होते. ते मी खोडायला लावले. त्या जागी ‘सांगितले नाही’ असे वाचावे.

सही: टोर्किल्ड ब्येरे
समक्ष: लिस्बेट क्राघ, पोलीस अधिकारी