अण्णांचा बंद डाव

मंडळी, एवढ्या उन्हात तुम्ही अण्णांच्या शोकसभेला घोडेगावात आलात. मी बोलायला उभा तर राहिलोय, पण एक आधीच सांगतो. अण्णांबद्दल गोड बोलणं मला जमणार नाही. त्यांनाही ते रुचलं नसतं.

जनावरांच्या बाजारातले दलाल म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. मी शाळामास्तर. मी त्यांना बुद्धिबळाच्या पटावर ओळखलं. त्यांचा डाव बंद असायचा. प्याद्याला प्यादं भिडवायचं, मधली वाट कोंडून टाकायची. मग मारामारी नाही. मागच्या मागे घोडा फिरवत न्यायचा, मोक्याच्या घरात बसवायचा. मला म्हणायचे, "मास्तर, असल्या डावात घाई न्हाई करायची. आदी समोरच्याचा उंट कुठं गुदमरतोय ते बघायचं."

अण्णांच्या धाकट्या भावाला, रंगनाथला, ही कोंडी सोसायची नाही. ती फोडायला तो प्यादी फुकट द्यायचा आणि हरायचा. दर वेळी हरायचा. गेल्या साली दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, बाजार ओस पडला, पटाभोवती माणसं जमू लागली. सगळ्यांदेखत अण्णा म्हणाले, "ह्याला दावणीला बांधा रं. पटावर बसायची ह्याची लायकी न्हाई." माणसं हसली. रंगनाथ उठून गेला.

पुढं अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं. रंगनाथ भेटायला आला, तो पट घेऊनच. खाटेशेजारी मांडला. मी तिथंच होतो. त्या दिवशी त्यानं सगळं कोंडलं. स्वतः प्यादं मारलं नाही, अण्णांना मारू दिलं नाही. अण्णांचा डावा हात पटावर नुसता फिरत राहिला. कुठलीही सोंगटी हलवली तरी डाव पडणार होता.

"हलवा की, अण्णा."

"काय हलवू रं?"

"ते मला इचारता व्हय?"

अण्णांनी राजा आडवा केला, हार मानली. आणि मंडळी, ते हसले. म्हणाले, "आत्ता आलं तुला. लई चांगला खेळलास." एवढं ऐकायला रंगनाथनं किती वर्षं काढली असतील? त्यानं सोंगट्या पिशवीत भरल्या. पट काखेत मारला. निघून गेला.

त्यानंतर अण्णा खाट दाराकडे वळवून घ्यायचे. "आला का?" विचारायचे. रोज विचारायचे. मी निरोप घेऊन गेलो. रंगनाथ म्हणाला, "माजं काम झालं, मास्तर."

अण्णा दाराकडे बघतच गेले.

रंगनाथ आज आलाय. शेवटच्या रांगेत आहे. आता सगळे उभे राहा. अण्णांसाठी थोडा वेळ गप्प राहू. मला इथून त्याचा चेहरा दिसतोय. तुम्ही कुणी मागं वळून बघू नका.