हवेतली काजं

तपासणीच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर, डोक्याला पट्टी बांधलेले एक शिंपी आणि एक बाई बोलत होते.

"मेंदूतली गाठ काढताना तुम्ही जागे होतात, काका?"

"टक्क जागा! डॉक्टर म्हणाले, बोटांनी काजं करत राहा."

"सुई-दोरा घेऊन?"

"छे, नुसतीच हवेत. मधेच त्यांनी आत कुठंतरी विजेची बारीक तार टेकवली आणि बोटं थांबली. मी थांबवली नव्हती, ताई!"

"अगं बाई!"

"डॉक्टर म्हणाले, इथं हात लावायचा नाही. तार उचलली, बोटं पुन्हा चालू."

"मग तेवढी गाठ राहिली?"

"राहिली कणभर. तिला आता रेडिएशन देणार."

"उद्या आमच्या ह्यांना अशाच ऑपरेशनला नेणार आहेत. घड्याळं दुरुस्त करतात ते."

"मग त्यांना सांगा, घाबरू नका. बोटं थांबली की डॉक्टरही थांबतात."