शर्टासकट फोटो

मनगटाचा एक्स-रे काढायचा म्हणून रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात बसलो होतो. शेजारच्या बाकावर उजवा खांदा धरून एक आजोबा बसले होते आणि त्यांच्याजवळ त्यांची बायको.

“खरं सांगा, आंब्याच्या कलमावर चढलात ना?”

“अगो, न्हाणीघरात घसरलो. किती वेळा सांगू?”

“पुन्हा झाडावर चढलात तर मी मंडणगडला लेकीकडे निघून जाईन, असं म्हटलं होतं. आठवतंय ना?”

“आठवतंय म्हणूनच तर न्हाणीघरात पडलो.”

एवढ्यात एक्स-रेवाला दारात आला.

“काका, शर्ट काढा आणि आत या.”

“शर्टासकट नाही का निघत फोटो? हाडं काय, शर्टाच्या आतच आहेत.”

“बटणं फिल्मवर उमटतात, काका.”

“उमटू देत. नवी आहेत.”

“अहो, या वयात लाजता कसले? थांबा, मी काढते. हात हलवू नका.”

“नको गो! अगो, नको!”

“अगं बाई! हे काय वळवळतंय? ओंबील! पाठभर गांधी उठल्यात!”

“काकू, या आंब्यावरच्या लाल मुंग्या ना?” एक्स-रेवाल्याने विचारलं.

“हो तर. आमच्या न्हाणीघराला यंदा हापूस लागलाय.”

आजी माझ्याकडे वळल्या.

“मंडणगडची गाडी कितीला सुटते हो?”

“अगो, उजवा हात आहे माझा. मला भात कोण भरवील?”

“हात बरा होईपर्यंत मीच भरवीन. मग मात्र जाणार.”

आजोबा एक्स-रेवाल्याकडे वळले. “भाऊ, डॉक्टरांना सांगा, प्लास्टर जरा जास्त दिवसांचं घाला म्हणावं.”