गोळ्या बरोबरच होत्या

सन्माननीय अध्यक्ष, आमचे थोरले बंधू झुमाकादिर-बायके, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आम्हा सर्वांच्या थोरल्या भगिनी बुरुल-एजे, आणि नारीनच्या या दवाखान्यातील माझ्या सहकाऱ्यांनो,

एजेंच्या अडतीस वर्षांच्या सेवेबद्दल मान्यवर बोललेच. मी एकाच दुपारबद्दल बोलणार आहे.

चार वर्षांपूर्वी मी नैराश्यावर औषधं घेत होते. हे इथे कितीजणांना ठाऊक होतं? एजे आणि डॉक्टर सोडून कुणालाच नाही. रडणं थांबलं होतं, पण मनातली धास्ती वाढली होती. औषधाची चिठ्ठी वाचून कपाटापर्यंत जायचे आणि काय घ्यायला आले तेच आठवायचं नाही. एकच डबी पाच-पाचदा तपासायचे. माझी आई शेवटी मला ओळखत नव्हती. आपलंही तेच सुरू झालं, असं मी धरूनच चालले होते.

त्या दुपारी आपले नेहमीचे आजोबा असानाली-अता हृदयाच्या गोळ्या घेऊन गेले, आणि मला आठवेना, अर्ध्या ताकदीच्या दिल्या की पूर्ण? औषधं द्यायची खिडकी बंद करून मी तशीच बर्फात त्यांच्या घराकडे धावले. मागून एजे ओरडल्या, "अगं नुरझामाल, टोपी तरी घाल!" आणि स्वतःही टोपीशिवायच माझ्यामागे!

म्हाताऱ्या अतांनी दार उघडलं. "दोघी-दोघी? मी मेलो की काय?"

एजेंनी डबी पाहिली. गोळ्या बरोबर होत्या. मी पाहिली. पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा हात पुढे केला, तेव्हा अता हळूच म्हणाले, "पोरी, आधी बस. चहा घे."

मी तिथेच कोसळले. एजेंनी गोंजारलं नाही. "उद्यापासून खिडकीवर मी. तू आत डब्यांवर नावं चिकटव. आणि आत्ता डॉक्टरांकडे चल."

"नोकरी जाईल, एजे."

"मग आधी मला काढावं लागेल. ऊठ."

इथे बसलेल्या डॉक्टर एर्मेकांनी मला नीट तपासलं. म्हणाले, "हे आईचं दुखणं नाही. नैराश्यानं विचार मंदावतात. त्यात चिंतेनं सगळं लक्ष अडवून ठेवलं, तर समोरचं मनात शिरणार कसं? आणि जे शिरलंच नाही, ते आठवणार कुठून?"

उपचार बदलले. सात महिने सुजल्या गुडघ्यांनी एजे दोघींचं काम करत होत्या. वर म्हणायच्या, "तुझं डोकं नाही, माझे पाय नाहीत. दोघी मिळून एक धड बाई!"

खिडकीवर परतले त्या दिवशी मी म्हटलं, "एजे, एकदा बघता का?"

"नाही बघणार." त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या. पण मुठी घट्ट आवळलेल्या होत्या, तेवढं मला दिसलं. मी एकदाच तपासलं, आणि गोळ्या दिल्या.

धास्ती संपली का? नाही. अजून येते, आत्ताही आहे.

अध्यक्षमहाराज, मला बोलू दिलंत, आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान ठेवण्यात कमी पडले असेन, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. उद्यापासून ती खिडकी माझी एकटीची. एजे, मला भीती वाटते. तरी किल्ल्या द्या.